अरबाबांचं वजन आणि माझी रजा

शारजा,
दि. २० जानेवारी २००३

तीर्थरूप दादांच्या पायांशी धाकट्या गुणवंताचा नमस्कार (वाकलो की हल्ली कंबर धरते, म्हणून पत्रातूनच वाकतो). तुमचा खोकला गेला असेल आणि स्मितावहिनींचे गुडघे निदान देवळापर्यंत तरी चालत असतील, असं धरून चालतो. माझं बरं आहे. इथे सध्या थंडी आहे असं म्हणतात, म्हणजे दुपारी बनियनवर काम करता येतं.

सोनमचं लग्न सोळा फेब्रुवारीला आहे, याची मला कोणी आठवण करून द्यायला नको, बाप आहे मी तिचा. तीन वर्षं मी घरी आलो नाही, तो याच रजेसाठी. कावेरीला फोनवर मी तिकीट झालं म्हणून सांगितलं, तेव्हा ते खरंच झालं होतं. अजून माझ्या पेटीत आहे. पण पुढे जे झालं ते तीन मिनिटांच्या फोनवर सांगण्यासारखं नाही. तुम्ही कणकवलीला मला मोटरसायकलींचे शॉक आणि स्प्रिंगा खोलायला शिकवलंत, म्हणून तुम्हाला तरी ते कळेल.

आमच्या गॅरेजचे अरबाब (मालकाला इथे अरबाब म्हणतात) खलफानसाहेब गेल्या वर्षी कॅनडाला गेले होते. तिथे बर्फावर पळणारी गाडी त्यांनी पाहिली आणि त्यांचं मन तिच्यावर बसलं. पुढे दोन लोखंडी पाय घसरायला, मागे रबरी पट्टा ढकलायला, मध्ये इंजिन आणि वर माणूस. त्यांनी तिथल्या तिथे एक विकत घेऊन कंटेनरमध्ये घातली. इथे बर्फ नाही, असं त्यांना कोणी म्हटलं नाही (अरबाबांना असं कोण म्हणणार). वाळू आहे ना, खलास. वाळूत तिच्या पट्ट्याखालच्या प्लास्टिकच्या पट्ट्या पहिल्याच दिवशी वितळल्या, तिथे मी जास्तीची चाकं बसवली. इतपत ठीक होतं. पण वळण आलं की गाडी कलंडायची. अल ऐनच्या रस्त्याला त्यांची वाळवंटात जागा आहे, तिथे ते एका सकाळी तीन वेळा पडले. तिसऱ्यांदा उठून त्यांनी शांतपणे डोक्यावरचं फडकं झटकलं, माझ्याकडे आले आणि म्हणाले, "गुणवंत, ये गाडी सीधा चलेगा, तुम छुट्टी जाएगा."

माझी रजा त्या गाडीच्या स्प्रिंगांवर टांगली गेली ती अशी. मी गाडीसोबत आलेलं पुस्तक काढलं. त्यात पहिल्याच पानावर लिहिलं होतं की आधी बसणाऱ्याचं वजन पाहा. माणूस बसल्यावर गाडी दोन इंच दबली पाहिजे, जास्त नको, कमी नको. आता इथे कोण बसून पाहणार, तर मीच. माझे बावन्न किलो. मी स्प्रिंगा लावल्या, बसलो, बरोब्बर दोन इंच. फार समाधान वाटलं. मग अरबाब बसले आणि गाडी अंड्यांवरच्या कोंबडीसारखी जमिनीला टेकली. मला त्यांचा चेहरा अजून आठवतो.

वजन विचारायचं कसं, हा खरा प्रश्न. आपल्याकडेही भरल्या घरात मोठ्या माणसाला कोणी किलो विचारत नाही, इथे तर त्याच्या सहीवर माझा व्हिसा. ऑफिसातला विघ्नेश म्हणाला नव्वद. फोरमन म्हणाला एकशे तीस. चाळीस किलोंच्या फरकावर स्प्रिंग लावता येत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. शेवटी आमच्या कॅम्पचा आचारी दगडू (सोलापूरकडचा, पोळ्या चांगल्या करतो, अक्कल मात्र कधी कधी फार वापरतो) म्हणाला, आमच्या गावात पुढाऱ्याची गूळतुला केली होती, तशी यांची खजूरतुला करू. मान होईल आणि वजनही कळेल. दादा, मला ते इतकं पटलं की मी त्याला दोन पोळ्या जास्त मागायच्याही विसरलो.

अरबाबांना मी सांगितलं की आमच्या मुलखात थोर माणसाला तोलतात आणि तेवढं गोड गरिबांत वाटतात. ते फार खूश झाले. सगळे भाऊ, मेहुणे बोलावले. इंजिन उचलायच्या चेनला मी लोखंडी दांडा टांगला, दोन टोकांना जुन्या जीपच्या दोन सीटा बांधल्या, एकीवर अरबाब आणि दुसरीवर दहा-दहा किलोंचे खजुरांचे खोके ठेवायला सुरुवात केली. आठ खोके होईपर्यंत टाळ्या वाजत होत्या. दहाव्याला कमी झाल्या. बाराव्याला नुसता चेनचा आवाज. अरबाब अजून खालीच. मग सुटे खजूर घालत गेलो आणि एकशे सव्वीस किलोला दांडा आडवा झाला. खिडकीच्या जाळीमागून त्यांची म्हातारी आई मोठ्याने हसली. मी लाजून मान खाली घातली, पण आकडा तेवढा तळहातावर लिहून घेतला.

त्या आकड्यावर मी गाडी लावली. स्प्रिंगा आवळल्या, पुढचे पाय फाकवून दोन बोटं रुंद केले, वेग दिला की नाक वर उचलत होतं ते धरून ठेवणारा पट्टा एक भोक आत घेतला. काय सांगू दादा, ते धूड वाळूच्या टेकडीवरून असं वळलं की माझं मलाच भरून आलं. तुमची आठवण झाली. अरबाबांनी गाडीवरून उतरून माझे दोन्ही हात धरले आणि त्याच दुपारी रजेच्या अर्जावर सही केली. कॅम्पात आम्ही पंधरा दिवस खजूर खात होतो.

आणि इथेच माझं नशीब फिरलं. एकशे सव्वीस हा आकडा माझ्या तळहातावरून धुतला गेला, पण अरबाबांच्या डोक्यातून जाईना. दहा वर्षं डॉक्टर सांगत होते, त्यांचं ऐकलं नाही; चारचौघांत खजुरांनी सांगितलं ते मात्र लागलं. त्यांनी भात सोडला. सकाळी चालू लागले. एकवीस दिवसांत नऊ किलो उतरले. एकशे सव्वीसला लावलेल्या स्प्रिंगा एकशे सतराला कडक झाल्या, आणि गाडीने त्यांना टेकडीच्या माथ्यावरून उडवलं. लागलं नाही, घड्याळ तेवढं वाळूत गेलं. मी पुन्हा स्प्रिंगा सैल केल्या. पुढच्या आठवड्यात दोन किलो कमी, पुन्हा सैल. एकदा फोरमनला शिकवून त्याच्याकडून लावून घेतल्या, तर अरबाब परत पडले. तेव्हापासून दुसऱ्या कोणाचा हात चालत नाही. आता दर गुरुवारी मी त्यांना तोलतो आणि पाना फिरवतो. डॉक्टरांनी नव्वद किलो सांगितलेत. हिशेब करा, एप्रिल उजाडतो. सही केलेला अर्ज त्यांनी परत खणात ठेवला, पासपोर्ट तिथेच आहे. म्हणाले, "पहले वजन खलास, फिर छुट्टी." रागाने नाही हो, प्रेमाने म्हणाले. 

मी हरामखोरीसुद्धा करून पाहिली, तुमच्यापासून लपवत नाही. दुबईतल्या करामा बाजारातून दोन किलो मिठाई नेली, म्हटलं वजन आहे तिथे थांबलं तरी माझं काम होईल. त्यांनी डबा उघडला, डोळे मिटून वास घेतला आणि सगळी मिठाई गॅरेजात वाटून टाकली. त्यांच्या आईने निरोप पाठवला की तुझ्या देशाच्या रिवाजाने माझ्या मुलाची साखर उतरली, मी पाचही नमाजात तुझं नाव घेते. ज्या घरात माझ्यासाठी इतकी दुआ चालते, तिथे मला जाऊ द्या असं कोणाला सांगू? गाडी थांबवली तर ते पुन्हा भातावर बसतील अशी सगळ्यांना भीती आहे. मलाही आहे. माणूस चांगला आहे, दादा, हीच पंचाईत आहे.

वहिनींना नमस्कार. बाकी सगळं क्षेम.

तुमचा,
गुणवंत

ता.क. मुख्य गोष्ट वर लिहायचं धाडस झालं नाही. सोळा तारखेला कन्यादानाला तुम्ही आणि वहिनींनी बसावं. कावेरी एकटी कशी बसणार. भटजी विचारतील तेव्हा बापाचं नाव माझं सांगा, हात तुमचे असू देत.

ता.क. २. सोनमला तुम्हीच सांगा. फोनवर ती "बाबा, कधी येताय" असं एकदाही विचारत नाही, तिकडे थंडी आहे का एवढंच विचारते. तिने विचारलं असतं तर येतो म्हणून खोटं सांगितलं असतं. ती विचारत नाही, म्हणजे तिला कळलेलं आहे. तरी तुम्ही सांगा.