खाडीच्या तोंडाशी

सेलम बंदर, ९ मार्च १८०४

प्रिय एझ्रा,

हे पत्र हाती पडेल तेव्हा तू मॉरिशसलाच असावास, खारवलेले मासे अजून विकले गेलेले नसावेत, एवढंच देवाकडे मागतो आहे. बापाने मुलाचा माल पडून राहावा म्हणून प्रार्थना करावी, अशी वेळ आली आहे.

तू जाऊन सात आठवडे झाले. तुझी आई रोज दुपारी छपरावरच्या सज्जात जाऊन उभी राहते. मी म्हटलं, "अगं, एवढ्या लांबचं काय दिसणार तुला?" तर म्हणाली, "तुम्ही सुमात्राला जायचात तेव्हा तरी काय दिसायचं? उभी राहायचेच ना?"

माझी पहिली सफर आठवते. शाळेत पाठ केलेल्या समुद्राच्या कविता मी डेकवर म्हणत बसायचो आणि खलाशी ओरडायचे, "कविराज, आधी पंप मारा, पाणी चढतंय!" वाटेत बटाव्हिया बंदरात तापाने आमचे सहा जण गेले. कवितांमध्ये ताप कुठेच नव्हता. पुढे सुमात्राच्या किनाऱ्याला चाचपडत फिरताना एका पहाटे ती खाडी सापडली. धुकं वर उचललं आणि मिरीचे मळे दिसले. अजून डोळे मिटले की दिसतात.

आपल्या गावात मिरीचं बंदर कोणी बायकोलाही सांगत नाही. मी तर दोन नकाशे काढले होते. खोटा पेटीत, कारण चोर आधी पेटीच उघडणार. खरा शाळेच्या कवितांच्या पुस्तकात, कारण ते कोण उघडतंय! निघताना मी भरल्या डोळ्यांनी पेटीतला काढून तुझ्या हातात दिला. परवा कविता वाचायला पुस्तक उघडलं, तर खरा नकाशा माझ्याकडे बघत होता.

एझ्रा, नीट वाच. खाडीच्या तोंडाचे खडक तुझ्या नकाशातल्यासारखे उजवीकडे नाहीत, डावीकडे आहेत. आत शिरताना उजवा काठ धरून जा. तुझ्या आईला मी अजून हे सांगितलेलं नाही.

उद्या टोबायस क्रेनचं जहाज निघतं आहे. हो, तोच क्रेन, ज्याने माझ्या खलाशांना दारू पाजून ही खाडी विचारली होती. म्हणाला, "कप्तान, पत्र न फोडता मॉरिशसला पोचवतो. पण पोरगा तिथून निघून गेला असेल तर?" म्हणून खरा नकाशा मी त्याच्यापुढे उघडा ठेवला आणि खडक बोटाने दाखवले. तो हसला नाही, फक्त टोपी काढली. तुझं जहाज जड आहे, त्याचं हलकं. तो तुझ्याआधी खाडीशी पोचेल. खाडीत त्याची शिडं दिसली, मिरी तो भरताना दिसला, तर मला हव्या तेवढ्या शिव्या घाल. पण बाहेरच थांब, त्याची होडी येऊ दे, आणि तिच्या मागोमाग आत जा.

तुझाच, वाट पाहणारा,
बाबा