फायबर की लॅन केबल

आप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि काल तुमचा पुन्हा राग आला तो एका केबलवरून.

वरच्या खोलीत मी गाणी ऐकायची सोय करतोय. चांगले स्पीकर घेतलेत, गाणी नेटवरून येतात, पण राउटर खाली हॉलमध्ये. वायफाय मध्येच अडकतं म्हणून केबल टाकायचं ठरलं. ती साधी लॅन केबल की फायबर, यावर मी महिनाभर घोळ घातला. फायबरमधून प्रकाश जातो, वीज नाही, त्यामुळे घरातल्या विजेची खरखर स्पीकरपर्यंत येत नाही, असं नेटवर एक जण लिहितो आणि दुसरा त्याला वेड्यात काढतो. केबलवाला म्हणाला, "सर, एवढ्याशा अंतराला फायबर कशाला? दोन्हीकडं डबे बसवावे लागत्यात, लई नाजूक असती, जास्त वाकली की गेली. लॅननं बी गाणं तसंच वाजतंय की." मी ऐकेना, तेव्हा भिंतीत चर पाडण्याआधी त्याने दोन्ही केबली जिन्यावरून उघड्याच टाकल्या आणि म्हणाला, "आता तुमीच ऐका आन् सांगा."

ऐका म्हणे! हे तो कुणाला सांगत होता?

अक्कलकोट रोडच्या आपल्या कारखान्यात शाळा सुटली की मी मागावर उभा असायचो. वर पत्रा, खाली टॉवेलचे माग ओळीनं, आणि आडवा धागा नेणारे धोटे इकडून तिकडे आपटतायत. शेजारच्याला काही सांगायचं तर हातवारे करायचे. एकदा डोकं भणभणलं म्हणून सुताच्या कचऱ्याचे बोळे करून मी कानात घातले. तुम्ही मागून आलात, ते बोळे उपसून फेकलेत आणि माझ्या कानाशी तोंड आणून सगळ्या कामगारांदेखत ओरडलात, "कान बंद करून माग चालवतोस व्हय रं? धागा तुटला तर कळंल कसं तुला? माग कानानं चालवायचा असतोय!" सगळे हसले. त्याच दिवाळीला तुम्ही मला ट्रान्झिस्टर आणून दिलात. तुमच्या हातून झालेली तेवढी एकच चैन. गाण्याचं वेड तुम्हीच लावलंत आणि कानही तुम्हीच घालवलेत. सगळेच मालक तसंच करायचे, त्यात त्यांचं काय चुकलं, असं आई शेवटपर्यंत म्हणायची. मला ते पटलं नाही. तुमचे स्वतःचे कान तेव्हाच गेले होते, घरात साधं पाणी मागायचं तरी तुम्ही ओरडून मागायचात. ते कशानं गेले हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं, तरी पोराला तिथंच उभं केलंत. गेल्या वर्षी कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, बारीक, उंच आवाज गेलेत, ते परत येणार नाहीत. मी हे घरी कुणाला बोललो नाही.

तर काल केबलवाला आधी एक केबल जोडतो, मग दुसरी. माझ्या सगळ्यात आवडीचं गाणं लावलंय. मी डोळे मिटून बसलोय आणि मला काडीचा फरक कळत नाही. बाकीच्यांचं बरं असतं, फरक कळला नाही तर फरक नाहीच, असं छातीठोकपणे म्हणून ते मोकळे होतात. मला तेही म्हणता येत नाही. तेवढ्यात बायको चहा घेऊन आली, दोन्ही वेळा नीट ऐकलं तिनं. म्हणाली, "मला तर दोन्ही सारखंच वाटतंय. पण मागं घुंगरं किती गोड वाजतायत हो, पहिल्यापासून!"

घुंगरं? आप्पा, तरुणपणापासून मी हे गाणं ऐकतोय, पाठ आहे मला. त्यात घुंगरं आहेत हे मला माहीतच नव्हतं.

"हो, गोडच आहेत," असं मी म्हटलं, आणि चहा प्यायला.

हे तुम्हाला कधी पोचणार नाही, आणि जिला वाचायला द्यायला हवं तिलाही मी देणार नाही. केबलवाल्याला फायबरच टाकायला सांगितली. "का ओ सर?" म्हणून त्यानं विचारलं, तेव्हा बायकोसमोर मी ठणकावून सांगितलं, की मला फरक ऐकू येतो.