करडीच्या बाजारात फिरलेली सायकल

प्रिय भाऊ,

परसराम आणि यशोदा परवा पुण्याहून परत आले. वरठी स्टेशनवर गाडीतून उतरल्या उतरल्या परसराम मला म्हणाला, "बाई, भाऊले सांगून द्या." यशोदा घरी येऊन चहा पिताना तेच म्हणाली. तू गेल्यानंतर दोनदा धान कापून झालं, हे दोघांनाही ठाऊक आहे. आपल्या घरात आत्म्याबित्म्याचं कोणी मानत नाही, हेही ठाऊक आहे. तरी दोघांनी सांगितलं, म्हणून लिहिते. निरोप पोचवायचं काम आहे असं समज.

चिंचेवरून पडलास तेव्हा तू कबड्डीचा गडी होतास. नागपूरच्या दवाखान्यातून तुला आणलं ते बैलगाडीत गादी टाकून. कमरेखाली काही हलत नव्हतं. माय दारात रडत होती, आणि तू मला काय विचारलंस? "विमल, घरी चांगला बांबू हाय का?" तिकडे खांद्यांत ताकद यावी म्हणून तुझ्या हाती धनुष्य दिलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. त्या दिवशी आम्हाला वाटलं, डोक्यालाही मार बसला!

मग तलावाच्या पाळीखाली, बांधाच्या पायथ्याशी, धानाच्या तणसाचे पेंढे बांधून तू निशाणा उभा केलास. पोलिओनं पाय गेलेला परसराम शिंपी आला. त्याच्यामागे यशोदा आली. साप चावल्यावर तिचा एक पाय कापावा लागला होता आणि नवरा तिला माहेरी सोडून गेला होता. पहिल्याच दिवशी तू तिला म्हणालास, "रडाचं असन तं घरी जाऊन रड. इथं श्वास रोखून धरा लागते." जरा गोडीनं बोलता आलं नसतं का रे? पण ती गेली नाही. दुसऱ्या दिवशी तुझ्याआधी येऊन बसली होती.

तुझ्या पाठीला जखम झाली, ती तू मला दाखवली नाहीस. मी गावोगाव सायकलवर जाऊन लोकांच्या जखमा धुणारी नर्स, आणि घरातली जखम मला कळली ती तुला ताप चढल्यावर, उशीर झाल्यावर. काहून लपवलीस? बहिणीसमोर लाज वाटली? यावर रागावणं आता मी सोडून दिलं आहे. घडलं तसं लिहिते, एवढंच.

तू गेल्यावर ते दोघं पाळीखाली येत राहिले. मग पुण्याहून कळलं की अपंगांच्या राज्य स्पर्धेत तिरंदाजी आहे आणि आपल्या दोघांना येता येईल. फक्त बांबूचं धनुष्य चालणार नव्हतं. विकत मिळतं तसं धनुष्य हवं, बाण हवेत, वर जाण्यायेण्याचा खर्च. माझ्या पगारात ते बसणारं नव्हतं.

धानगिरणीचे शेठ म्हणाले, सगळं मी देतो. गिरणीच्या कार्यक्रमात दोघांना स्टेजवर बसवा, मी हार घालीन, फोटो निघेल.

परसरामनं विचारलं, "स्टेजवर आमी काय कराचं? बाण माराचे का?"

"नाही नाही. नुसतं बसायचं."

"मंग नाई," परसराम म्हणाला आणि आपली तीनचाकी हातानं फिरवत निघून गेला. मी शेठसमोर तशीच उभी. तुझाच चेला, दुसरं काय!

तुमसरकडून एक सायकलवाला आला होता, आठवतो? आठवडाभर खाली उतरला नाही. सायकलवरच आंघोळ, सायकलवरच जेवण, आणि शेवटी दातांनी ट्यूबलाइट फोडली. तू मला खांद्यावर बसवून ते दाखवलं होतंस. ते मला आठवलं. सायकल तर मी रोजच चालवते, मग हीच चालवून पैसे का उभे करू नयेत? आपल्या करडीच्या बाजाराच्या मैदानात तीन दिवस सायकलवर राहायचं, कनातीमागं जाण्यापुरतं उतरायचं, बाकी पाय जमिनीला लावायचा नाही, असं मी जाहीर केलं.

माय दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बाईच्या जातीनं बाजारात गोल गोल फिराचं? लोकं काय म्हणतीन? मेलेल्या भावाचं नाव काढून पैसे मागून राहिली म्हणतीन."

"तुझं काय म्हणणं आहे?" मी विचारलं.

"माहं म्हणणं, तू पडशीन."

सायकल सुरू झाली तेव्हा मात्र ती भात घेऊन मैदानात हजर. दर फेरीला माझ्या हातात एक घास द्यायची आणि सोबत एक शिवी. लोक सायकलीपेक्षा तिलाच हसत होते.

पहिल्या दिवशी पैसे आले, पण कसे? भोंगेवाल्यानं रडकी गाणी लावली. मध्येच गळा काढून ओरडायचा, "या दुर्दैवी अपंग बांधवांसाठी, माय-बापहो!" बायका पदरानं डोळे पुसत चाराणे टाकत. मी फिरत होते आणि मला ते ऐकू येत होतं. त्याला थांबव म्हणायला थांबता येत नव्हतं. आणि खरं सांगू? पैसे पडत होते म्हणून मी फार ओरडलेही नाही.

संध्याकाळी परसराम मैदानाच्या कडेला आला. प्रत्येक फेरीला मला त्याचं एकेक वाक्य मिळालं.

"बाई, आमी मेलो का?"

पुढच्या फेरीला, "तुमी फिरा, आमी नाई म्हणत नाई."

त्याच्या पुढच्या फेरीला, "पन आमी पाहत बसनार नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दोघं बांबूची धनुष्यं घेऊन आले. शाळेच्या भिंतीला तणसाचे पेंढे लावले. यशोदानं कुबडी बाजूला ठेवली, स्टुलावर बसली आणि भोंगेवाल्याला म्हणाली, "गाणं बंद कर. काई ऐकू नाई येत." गाणं बंद झालं. माझा रस्ता निशाण्याच्या पुढून जात होता. मी आले की ती धनुष्य खाली घ्यायची, मी पुढे गेले की बाण सुटायचा. मागे पेंढ्यात बाण घुसल्याचा आवाज यायचा आणि लोक "अरे बाप्पा!" म्हणायचे. मला काहीच दिसत नव्हतं. मी आवाजावरून ओळखत होते की लागला.

मग परसरामनं आरोळी दिली, "दोन्ही पाय असलेल्यायनं या! एक बाण, आठ आने!"

भाऊ, तू असायला हवा होतास. धानाची पोती एकट्यानं उचलणारे गडी आले. कोणाचा बाण शाळेच्या कौलावर, कोणाचा समोरच मातीत. सरपंचांचा मेव्हणा तीनदा आला आणि तीनदा चुकला. यशोदा प्रत्येकाला सांगायची, "दम रोखा. कोपर वर. घाई कायले करता?" अगदी तुझ्यासारखं. फक्त ती "रडाचं असन तं" एवढं म्हणत नव्हती. लोक हसत होते, पण आता आपल्याच माणसांना हसत होते. चाराणे टाकणारे आता रांगेत उभे होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी मला सायकलवरच डुलकी लागली. डोळे उघडले तेव्हा मी चहाच्या टपरीसमोरच्या नालीत होते आणि दोन्ही पाय जमिनीवर. गुडघा फुटला होता. भोंगेवाल्यानं माइकवर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "कोनी पायलं नाई बाई. चढा."

मी माइक घेतला आणि सांगितलं, "पाय टेकला. संपलं."

एक म्हातारा पुढे आला आणि म्हणाला, "मंग माहे पैसे वापस द्या." दिले. त्याचं बरोबर होतं. दुसऱ्या कोणी मागितले नाहीत, पण त्याचं मोठं कारण असं, की बाकीच्यांना बाणाची रांग सोडायची नव्हती. मायनं माझा गुडघा बांधला आणि म्हणाली, "म्या सांगतलं होतं." मग मला तिथंच सतरंजीवर झोपवलं. मी झोपले होते तेव्हाही बाण चालूच होते म्हणतात.

एवढं करून पैसे जमले ते एका धनुष्यापुरते. दोन धनुष्यं येणार नव्हती. पुरुषांची आणि बायकांची स्पर्धा वेगवेगळ्या वेळी असते, म्हणून एका धनुष्यात दोघांचं भागणार होतं. पण ताण कोणाच्या खांद्याचा घ्यायचा? परसरामच्या खांद्याजोगं भारी घेतलं तर यशोदाला ओढवणार नाही. हलकं घेतलं तर परसरामचा बाण दूर जाणार नाही. हे ठरवणारी मी कोण?

परसराम म्हणाला, "हलकं घ्या."

यशोदा म्हणाली, "काहून? तुमी आधीपासून खेळून राहिले."

"मले पोचवता येईन थोडं वर धरून. तुले भारी ओढताच येनार नाई. बस झालं."

तर हा निकाल. यशोदा तिसरी आली. परसराम शेवटून दुसरा. त्याला विचारलं, वाईट वाटलं का? म्हणाला, "वाटलं ना. काहून नाई वाटन?" आणि मशीनवर जाऊन बसला. कोणाचीतरी चड्डी शिवायची राहिली होती.

यशोदानं बक्षिसाचा पेला मायच्या हातात दिला आणि मला वेगळंच सांगितलं. "बाई, तिथं मले कोनी पाय कसा गेला इचारलंच नाई. सारे इचारत, किती वर्षं खेळून राहिली."

काल ग्रामपंचायतीत म्हणाले की पाळीखाली तुझा फोटो आणि नावाची पाटी लावू. मी विचार करत होते, तेवढ्यात यशोदा म्हणाली, "भाऊचा फोटो कायले? त्यायले ऊन नाई लागत. आमाले लागते. मांडव टाका." मला हसू आलं. तुलाही आलं असतं, हो ना?

आणि आज बपेऱ्याहून एक माणूस एसटीनं आला, बायकोला पाठीवर घेऊन. तिला उभं राहता येत नाही. मला पाहून विचारू लागला, "इथं शिकवतात का?" मी यशोदाकडे बोट दाखवलं.

भाऊ, माझ्याकडून एवढं घे. उन्हाळ्याआधी तिथं मांडव उभा राहील, परसरामच्या खांद्याला पेलेल असं दुसरं धनुष्य येईल, आणि त्यासाठी काय करायचं हे आधी मी त्या दोघांना विचारीन. बपेऱ्याची बाई आता तिघांतली एक झाली. तिलाही विचारीन.

तुझी,
विमल