टेकाडावरची पोकळी

संगमनेर,
८ नोव्हेंबर १९७०

ती. शामकांतदादास,
सा. न. वि. वि.

बाबा मजेत आहेत. निवृत्त झाल्यापासून आळीतल्या साऱ्या मुलांची गणितं तेच तपासतात. मी कॉलेजात शिकवते आणि उरलेल्या वेळात पीएच.डी.च्या पाण्यात गटांगळ्या खाते.

आता कामाचे. बाबांचे जुने विद्यार्थी आबासाहेब कोल्हारजवळच्या उपसा योजनेचे चेअरमन आहेत. प्रवरेचे पाणी टेकाड ओलांडून माळावरच्या हौदात नेणारा त्यांचा लोखंडी पाइप सारखा फुटतो, आणि तोही टेकाडाच्या माथ्यावर, जिथे दाब फारसा नसतोच! ऊस वाळतोय. सभासद म्हणतात, योजनाच मोडा.

माझा तर्क असा. वीज गेली की पंप थांबतो, पण पुढे निघालेले पाणी आपल्या वेगाने धावतच राहते. माथ्यावर ते तुटते, मध्ये पोकळी होते. मग उलट फिरलेले पाणी त्या पोकळीत येऊन आदळते आणि पाइप फाटतो. फेब्रुवारीत पुण्याच्या संशोधक परिषदेत हाच निबंध वाचायचा आहे. तू धातूंच्या तड्यांचा अभ्यासक. तुझे मत कळव.

सुचित्रावहिनींना नमस्कार. माया आहे तशीच ठेव, फक्त अक्षर जरा सुधार.

तुझी,
सुनीती

बंगलोर,
१७ नोव्हेंबर १९७०

चि. सुनीतीस अनेक आशीर्वाद.

तुम्हा पाणीवाल्यांना पाइप म्हणजे कागदावरची रेघ. तो पत्र्याचा असतो, त्याला जोड असतात, हे तुमच्या ध्यानातच नसते. मला तर जोडकाम कच्चे वाटते. पोकळी गणितात सुंदर दिसत असेल, पण ती खरोखर झाली होती हे कशावरून? परिषदेला आमचे मोठे प्रोफेसर येणार आहेत. त्यांनी भल्याभल्यांना खाली बसवले आहे.

तेव्हा आधी फाटलेले तुकडे पाहून ये. नुसता जोड उसवला असेल तर बाकीचा गोलावा शाबूत असेल. आत पोकळी झाली असेल, तर बाहेरच्या हवेने पत्रा आधी आत दाबला गेला असणार. तशी खूण नसेल तर निबंध मागे घे.

तुझी वहिनी म्हणते, मी फार कडक लिहिले. असेल. रागावलीस तरी उत्तर धाडायला विसरू नकोस.

तुझा,
दादा

संगमनेर,
३० नोव्हेंबर १९७०

ती. दादास,
सा. न. वि. वि.

लोणीमार्गे एस.टी.ने कोल्हारला जाऊन आले. माथ्याखालचे शेत राहीबाईंचे. फुटके तुकडे त्यांनी गोवऱ्यांवर झाकायला नेले होते. ही बाई फुटक्या पाइपात काय बघाया आली हाय, असे त्यांनी आबासाहेबांना हळूच विचारले.

पहिला तुकडा उचलला. जोड उसवलेला, गोलावा शाबूत. तू जिंकलास, असे वाटले. दुसरा पालथा केला, आणि दादा, पत्रा आत दबून त्याची पन्हळ झाली होती! त्याच पन्हळीच्या काठाशी तो बाहेर फाटला होता. मी अशी ओरडले की राहीबाईंची शेळी दावे तोडून पळाली.

म्हणजे पोकळीही खरी आणि कच्चा जोडही खरा. आता माथ्यावर टाकी बसवायची. पोकळी होऊ लागली की एकाच बाजूने उघडणारी झडप टाकीतले पाणी आत सोडेल. सभासदांनी शेवटची संधी म्हणून होकार दिला आहे. पत्रा बाहेरून किती दाब सोसेल आणि जोड कसे घ्यायचे, हे गणित मला येत नाही. तू कर. भावाच्या नात्याने नको, चांगले कर!

तुझी,
सुनीती

संगमनेर,
२२ जानेवारी १९७१

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या आकड्यांप्रमाणे जोड घेतले, टाकी बसली आणि काल चाचणी झाली. सारे सभासद टेकाडावर जमले होते. वरून रुमाल हलवला की नदीकाठी पंप बंद करायचा, असे ठरले होते. रुमाल आबासाहेबांच्या हातात होता, पण हात वर जाईना. शेवटी मीच घेतला आणि हलवला.

पाइपात घरघर झाली. टाकीतले पाणी भसकन खाली गेले. एक दणका बसला, सगळे मागे सरले. मग शांत. पाइप जसाच्या तसा! पुन्हा पुन्हा पंप बंद करून पाहिला. राहीबाई पाइपला कान लावून बसल्या होत्या. त्या उठल्या आणि म्हणाल्या की ह्यो आता न्हाई फुटत, लई गुणाचा झालाय. मग माझ्यावरून कडाकड बोटे मोडली. योजना चालू ठेवण्याचा ठराव सभासदांनी तिथेच हात वर करून केला.

आता पुण्याला ये. घाबरले आहे, पण थोडीच.

तुझी,
सुनीती

पुणे,
१४ फेब्रुवारी १९७१

ती. बाबांच्या चरणी
शि. सा. न. वि. वि.

बोलून बोलून सुनीतीचा घसा बसला आहे, म्हणून मी लिहितो.

निबंधापेक्षा चर्चाच लांबली. आमचे प्रोफेसर उठले. तुकड्याचा फोटो त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिला आणि विचारले की ही पन्हळ तुकडा खाली पडतानाच झाली नसेल कशावरून? बाबा, हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. सुनीतीने शांतपणे सांगितले की हीच शंका तिलाही आली होती. म्हणून टाकी बसवण्याआधी तिने माथ्यावर दाबमापक लावला, कमी पाण्यावर पंप चालवून बंद केला, आणि आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी खाली गेलेला स्वतः पाहिला. हे तिने मलाही कळवले नव्हते!

मग पाणीवाले आणि धातूवाले आपसातच वाद घालू लागले. अध्यक्षांनी घंटा वाजवली, पण कोण ऐकतो? शेवटी प्रोफेसरच म्हणाले की पुढच्या वर्षी दोन्ही शाखांची बैठक एकत्र घ्या आणि पहिले व्याख्यान या बाईंना द्या.

सभागृह टाळ्यांनी दणाणले. मी तर उभाच राहिलो. मागच्या गृहस्थांनी कोट ओढून सांगितले की खाली बसा, आम्हाला बाई दिसत नाहीत. मी बसलो नाही.

आशीर्वाद दोघांवर असू द्या, आज तिच्यावर थोडा जास्त.

आपला,
शामकांत