टाकीतला पहिला पेला

प्रिय टिल्लू,

सहा फूट उंच झालास तरी माझ्यासाठी तू टिल्लूच. पाकिटावर तुझं पूर्ण नाव बाबांनी घातलंय, आत मला माझं घालू दे. देवाच्या कृपेने आम्ही दोघंही बरे आहोत. स्वयंपाकघराच्या भिंतीतली भेग परवा गवंड्याने बुजवली. त्याने वर चुना दिला आहे, पण मी भांडी अजून त्या भिंतीला टेकवत नाही. बाबा हसतात. स्वतः मात्र पलंग ओढून दाराजवळ घेतलाय, म्हणे तिथे वारा चांगला येतो. तुझं लांबलचक पत्र पोचलं. मॅट्रिकला शिकलेली परकी भाषा आता मला दुकानाच्या पाट्यांपुरतीच उरली आहे, म्हणून तू पाठवलेली वर्तमानपत्राची कात्रणं मी शेजारच्या मास्तरीणबाईंकडून वाचून घेतली. त्यांनीही आवडीने वाचली, मधे मधे चष्मा पुसत.

तुझं म्हणणं मला समजलं. तिथल्या सरकारने आमच्या भूकंपासाठी आधी जी रक्कम जाहीर केली ती इतकी थोडी होती की त्यांच्याच एका म्हाताऱ्या खासदारीणबाई सभागृहात उठून म्हणाल्या, एवढ्यात आपल्या शहरातल्या एका पुलाला रंगही लागत नाही. मग चार दिवसांत ती रक्कम आठपट झाली. कुणी म्हणालं आधी घरचे गरीब बघा, कुणी म्हणालं जगात आपल्याइतकं कोण देतं, आणि तू गुणाकार-भागाकार करून दाखवलंस की कमाईच्या मानाने हे शंभर रुपयांतले वीस पैसेसुद्धा होत नाहीत. शेवटी लिहिलंस की असल्या चिकट देशाचा नागरिक म्हणून शपथ घेण्यात काही भूषण नाही, शिवाय कागदही अपुरे आहेत, तेव्हा या खेपेचा अर्ज मी सोडून देतोय. ते वाचून मी पत्राची घडी केली, देवाजवळ ठेवली आणि दोन दिवस नुसती कामं करत राहिले. चौदा वर्षं तू तिथे राबलास. तिथेच तुझी नोकरी, तिथेच तुझी माणसं. एका भागाकारापायी तू हे सोडशील यावर माझा विश्वास बसला नाही. पण त्याविषयी मागाहून.

हिशेब तुझा बरोबर आहे, मी पडताळला. पहिली रक्कम खरंच लाजिरवाणी होती. पण मला एक सांग, ज्या घरात जेवायला बसल्यावर कर्त्या माणसाला तोंडावर चिकट म्हणता येतं, आणि तो ताट न सरकवता पुन्हा खिशात हात घालतो, त्या घराला चिकट कसं म्हणायचं? आपल्या घरी असं कुणी म्हणून बघितलंय? तूच एकदा बघ म्हणून, तुझ्या बाबांना. मी आधीच शेजारी जाऊन बसेन.

त्या देशातून आमच्याकडे काय काय आलं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. आधी आले स्वेटर. आपल्याकडच्या उकाड्यात, शाळेच्या मैदानावर पत्र्याखाली घाम पुसत बसलेल्या माणसांपुढे खोकी फोडली तर आत लोकरीचे स्वेटर. सगळं मैदान हसलं. बाबांनी एक सायकलच्या सीटला गुंडाळला आणि म्हणाले, श्रीमंतांचं दान हे असं, त्यांना थंडी वाजली की ते आपल्याला पांघरूण पाठवतात. मीही हसले. माझ्या वाट्याला राखाडी रंगाचा एक आला होता, त्याची उशी करावी म्हणून घडी घालायला घेतला तर दोन्ही कोपरांवर रफू. इतकं बारीक, इतकं एकसारखं, की बोट फिरवल्याशिवाय कळत नव्हतं. आतल्या बाजूला एक जास्तीचं बटण टाचलेलं. टिल्लू, मी जन्मभर रफू केलंय, माझ्या लक्षात येतं. हा स्वेटर टाकायला काढलेला नव्हता. ही माझ्यासारखीच कुणीतरी बाई आहे, जिच्याकडे बहुधा दुसरा नसेल, आणि पाठवताना जिला वाटलं, बटण तुटलं तर बिचारीने कुठे शोधायचं. तुझ्या शंभरातल्या वीस पैशांत ही बाई कुठे बसते ते मला काही सापडलं नाही.

स्वेटरनंतर चार दिवसांनी पाणीवाला आला. गावातल्या जमिनीखालच्या नळ्या फुटून गटाराचं पाणी विहिरींत उतरलं होतं. त्याच मैदानावर त्याने दोन मोठ्या रबरी टाक्या उभ्या केल्या, गाळणीचं यंत्र लावलं. माणूस कसा म्हणशील तर उन्हाने लाल झालेला, पन्नाशीचा, हडकुळा, पायात बेढब बूट. बरोबर एक दुभाषी मुलगी. आता तुझे बाबा पंपघरावर तीस वर्षं होते. त्यांच्या गावात येऊन कुणी परक्याने लोकांना पाणी पाजायचं म्हणजे त्यांना केवढं झोंबलं असेल ते तुला सांगायला नको. सकाळ-संध्याकाळ टाकीपाशी उभे राहून ते त्याच्या चुका काढायचे. सापडत नव्हत्या, हे त्यांचं जास्त दुःख होतं.

आणि मग एक सापडली. संध्याकाळी टाकी भरली की तो माणूस नळ उघडायचा, आपला पत्र्याचा पेला काठोकाठ भरायचा, सगळ्यांदेखत उभ्याउभ्या प्यायचा, आणि नळाला कुलूप लावून तंबूत जायचा. आम्ही कळशा घेऊन बसलेलो. आम्हाला काल भरलेल्या दुसऱ्या टाकीतलं मिळायचं, आजचं उद्या सकाळी. रोज हेच. बाबा मोठ्याने म्हणायचे, बघा दानशूरपणा, आधी स्वतःची तहान, मग कुलूप. बायकाही बोलायला लागल्या. मी रोज जप करणारी, पण खरं सांगते, त्या पेल्याकडे बघून माझ्याही तोंडून देवाच्या नावाऐवजी भलतंच आलं.

नवव्या सकाळी नळ उघडलाच नाही. उन्हं वर आली, कळशा वाजायला लागल्या. बाबा सगळ्यांच्या पुढे. दुभाषी मुलीला म्हणाले, तुमच्या साहेबांचं पोट भरलं असेल, आता आमचंही बघायला सांगा. ती मुलगी तुझ्या धाकट्या मावशीसारखी, दिसायला एवढीशी आणि बोलायला चाबूक. म्हणाली, काका, साहेबांचं पोट रात्रीपासून रिकामं होतंय, वरूनही आणि खालूनही. काल त्यांनी प्यायलेलं पाणी खराब निघालं. गाळणीत कुठेतरी बिघाड झालाय. म्हणून नळ बंद. तुम्हाला काय वाटलं, ते हौसेने पितात? पाणी तपासायच्या गोळ्या आहेत, त्या ते रोज टाकतातच. पण गोळीला पोट नसतं, असं म्हणतात ते. जो पाणी भरतो त्याने ते आदल्या संध्याकाळी प्यायचं, आणि सकाळी तो पायावर उभा असेल तरच लोकांना द्यायचं. वीस वर्षं हा त्यांचा नेम आहे, अजून कुणी मोडायला लावलेला नाही.

 मी बाबांकडे बघत होते. टिल्लू, पंपघरावर पाण्याचा नमुना बाटलीत भरून मोठ्या शहरात तपासायला जायचा, आणि उत्तर यायचं आठ दिवसांनी. तोवर ते पाणी सारं गाव पिऊन बसलेलं असायचं. बाबांनीच हे मला कितीदा हसत सांगितलंय. त्या सकाळी ते हसले नाहीत. त्यांनी कळशी माझ्या हातात दिली, टाकीतलं पाणी सोडायला लावलं, पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला, टाकीच्या शिडीवर चढले आणि आत उतरले. थोड्या वेळाने तो माणूसही तंबूतून आला, शाळेच्या भिंतीला धरत धरत. त्याला बाबांची भाषा कळेना, बाबांना त्याची. पण दिवसभर दोघं खरवडत, धूत, नळ्या सोडवत राहिले. बाबा बोट दाखवायचे, तो मान हलवायचा, कधी तो बोट दाखवायचा आणि बाबा मान हलवायचे नाहीत. गाळणीतली चिरलेली रबरी चकती बाबांनीच शोधली. संध्याकाळी टाकी भरली. त्याने पेला भरला तेव्हा बाबांनी तो त्याच्या हातातून काढून घेतला. दुभाषी मुलगी पुढे झाली, तर बाबा तिला म्हणाले, त्यांना सांग, आज त्यांच्या पोटात जागा नाही. आणि सगळ्यांदेखत प्यायले. मी ती रात्र देवाचं नाव घेत काढली. सकाळी ते पायावर उभे होते, आणि मैदानभर असे फिरत होते की जणू पाण्याचा शोध यांनीच लावला.

तो माणूस जाऊन आता दोन महिने झाले. गावच्या नळाला पाणी आलंय, बरं आहे असं म्हणतात. तरी बाबा, ज्यांनी चाळीस वर्षांच्या संसारात कधी माठाला हात लावला नाही, ते रोज संध्याकाळी स्वतः माठ भरतात, एक पेला पितात आणि झाकण ठेवून मला बजावतात, सकाळपर्यंत हात लावायचा नाही. मी ऐकते. एवढं कुणी माझ्यासाठी कधी प्यायलं नव्हतं.

आता तुझ्या अर्जाचं. तीन वर्षांपूर्वी बाबा फोनवर तुला म्हणाले होते, तिकडचा झालास की मला मुलगा नाही. एकातून एक गेला की काय उरतं ते मला मॅट्रिकचं गणित न करताही कळतं. त्या दिवसापासून तू शपथेचं नाव काढलं नाहीस, नुसता जन्मदाखला मागत राहिलास, आणि आता नाव काढलंस ते त्या देशाचे दोष मोजायला. दोष असतील. पण तू अडलायस तो त्यांच्या चिकटपणावर नाही, बाबांच्या शब्दावर. तुझं पत्र मी परवा त्यांना वाचून दाखवलं. चिकट देश या शब्दांपाशी ते म्हणाले, थांब. उठले, ट्रंक उघडली आणि तुझा मूळ जन्मदाखला माझ्यापुढे ठेवला, तोच, जो तू तीन वर्षं मागतोयस आणि जो हरवला असं आपण सगळे धरून चाललो होतो. तो सोबत पाठवते आहे. पाकीट त्यांनीच चिकटवायला मागितलंय, दाखला दुमडू नये म्हणून आत पुठ्ठाही त्यांनीच कापून दिला. पुढच्या महिन्याअखेर कागद द्यायचे आहेत ना, दे. शपथ घे, ताठ उभा राहून घे. मी लिहावं म्हणून त्यांनी सांगितलंय की दाखला भूकंपाने भिंतीला पडलेल्या भेगेत सापडला. मी खोटं लिहीत नाही हे तुला माहीत आहे, म्हणून खरं काय ते लिहून टाकलं. तू मात्र रविवारी फोन करशील तेव्हा आधी त्यांच्याशी बोल, आणि एवढंच म्हण की भिंतीला भेग पडली ते बरंच झालं, बाबा.

जिथे राहशील तिथे देव तुझ्या पाठीशी राहो.

तुझीच,
आई