मुदतीआधी फिटलेली कर्जं

४ फेब्रुवारी २०२५

आकडे बोलले एकदाचे! आशियातले सहा देश, तिथल्या बँकांचा नफा, बुडीत कर्जं, घराच्या किमतीच्या किती टक्के कर्ज द्यायचं याचे नियम — आणि या सगळ्यात उठून दिसतो आमचा लालबाग-परळ. चाळी पडल्या, टॉवर आले, लोकांनी जास्तीच्या खोलीसाठी कर्जं काढली आणि बहुतेकांनी ती मुदतीआधीच फेडली. सरोजिनी मॅडम एवढ्या खूश की माझ्यासाठी कॅन्टीनमधून चहा स्वतः घेऊन आल्या. गाईड आणि चहा! पेपरची शिफारस ठरली : अशा कुटुंबांना बँकांनी आणखी मोठं कर्ज द्यावं, त्यांना ते झेपतं. मार्चमध्ये कोरियात, सोलला परिषद. वाचणार मी.

घरी अप्पांना सांगितलं. "म्हणजे आपली माणसं पक्की," म्हणाले. माझे वडील, सगळा जन्म छापखान्यात, पण मुद्दा बरोब्बर पकडतात. आम्हीही परळचे टॉवरवालेच की. बेडरूमसाठीचं कर्ज दोघांच्या नावावर, हप्ता माझ्या पगारातून. भागतं.

७ फेब्रुवारी

मॅडम म्हणतात, नुसते आकडे नकोत, एखाददुसरं खरं माणूस दाखव. म्हणजे आता उन्हात दारं वाजवत फिरा.

१० फेब्रुवारी

लालबागला गेले. बकुळा परब, घरगुती मसाल्याचा धंदा, कर्ज मुदतीच्या कितीतरी आधी बंद. माझ्या भाषणाची हिरॉइनच. दार उघडलं भलत्याच माणसाने. वॉचमनकडून फोन नंबर मिळवला. बकुळाताई बदलापूरला होत्या.

"एवढ्या लवकर कसं हो फेडलंत?" मी अगदी कौतुकाने विचारलं.

"घर इकलां तेवां फिटलां गो बाय."

सुरुवातीला मेंटेनन्स बिल्डर भरायचा. मग तो अंगावर आला, वर बँकेचा हप्ता. मिरच्या भाजल्या की शेजाऱ्यांना ठसका, सोसायटीची नोटीस. धंदा बसला. माझ्याशी मात्र गोड बोलल्या, मसाला पाठवू का विचारलं. आमच्या तक्त्यात ही बाई यशस्वी कर्जदार आहे.

१४ फेब्रुवारी

चार दिवस फोनच करतेय. बदलापूर, विरार, टिटवाळा, एकजण थेट कणकवलीला. एका जोडप्याने रिटायरमेंटच्या पैशातून खरंच फेडलं होतं. बाकी विकून मोकळे. मुदतीआधी फिटलं ते झेपलं म्हणून नाही, झेपलं नाही म्हणून! आणि आम्ही बँकांना सांगणार, अजून द्या.

१७ फेब्रुवारी

मॅडमपुढे सगळं ठेवलं. शांतपणे ऐकलं त्यांनी. मग म्हणाल्या, "देविका, बँकेचे पैसे परत आले ना? आपण बँकेची कामगिरी मोजतोय. माणसं कुठे राहायला गेली हा वेगळा अभ्यास."

चूक नाहीत त्या. तेच तर डोकं खातंय. बँकेच्या बाजूने बघितलं तर कर्ज फिटलं, विषय संपला. पण मग 'त्यांना झेपतं' हे कुठल्या तोंडाने लिहायचं? तसं बोलूनही टाकलं.

"मग शिफारस काढ," म्हणाल्या. "पण शिफारशीशिवाय आपल्याला सोलला कोण बोलावतंय?"

शेजारच्या टेबलावरचा अनिमेष म्हणाला, "अगं, खाली एक ओळ टाक ना. तुझंही मन राहील, त्यांचंही."

१९ फेब्रुवारी

टाकली ओळ. 'काही कर्जे घरविक्रीतून फिटली असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' शक्यता म्हणे! फोन मीच केलेत. शिफारस आहे तशी ठेवली आणि पेपर पाठवून दिला. वाईट वाटतंय. पण इतकी वर्षं घासल्यावर एकदा परदेशात उभं राहावंसं मलाही वाटतं, यात काय पाप आहे?

२० फेब्रुवारी

बकुळाताईंचा फोन येऊन गेला. उचलला नाही.

२३ फेब्रुवारी

सकाळी अप्पांनी समोर बसवलं. घराला गिऱ्हाईक आणलंय त्यांनी. टोकनही घेतलं, मला न विचारता.

"मेंटेनन्स वाढतच चाललाय. पगारातलं तुझ्या हातात काय उरतं, मला दिसत नाही होय? कर्ज एकदम बंद करून टाकू. फक्त तुझी सही लागेल."

"आणि राहायचं कुठे?"

"वांगणीला बघून आलोय, बदलापूरच्या पुढे. हवा छान आहे."

हसत होते. माझ्यासाठी काहीतरी मोठं केल्यासारखे. मी आत जाऊन ढसाढसा रडले.

बकुळाताईंचं घर गेलं, तेव्हा मला एक ओळ पुरली होती.