चौथीतली एकटी यमी

श्रावण व. ४, शके १८०७. कल्याण

पहिलीत मुलींची दाटी. दुसरीत निम्म्या. तिसरीत जाजम मोकळं दिसतं. चौथीत एकटी यमी, बाकीच्यांची लग्नं झाली. तपासणीला आलेले डिप्युटीसाहेब बजावून गेले, चौथीची कोणी पास झाली नाही तर वर्ग बंद. मग जन्मभर मी आणि बे एके बे.

श्रावण व. ७

यमीला भागाकार येत नाही. पाढे तीसपर्यंत घडाघडा, पण सात आठे विचारलं की सात एके सातपासून निघते. शाळा सुटल्यावर घरी ये म्हटलं. शेजारी मंगळागौर. मला विधवेला बोलावणं नसतंच. आतून गाणी ऐकली.

श्रावण व. १०

खोट भागाकारात नाहीच. तीनशे दोनांतून पंचेचाळीस वजा करायला दिले. मधल्या शून्यापाशी अडली, रडली. दुसरीत असताना तिला देवी आल्या होत्या. हातच्याची वजाबाकी तेव्हाच शिकवून झाली, मग कोणी मागे वळून पाहिलं नाही. उद्यापासून पुन्हा दुसरी.

भाद्रपद शु. २

वजाबाकीला खराट्याचे हीर घेतले. दहांची जुडी, दहा जुड्यांचा भारा. भारा सोडायला तिचा हात होईना. शेवटी सोडला. "सुट्या जुड्या नसल्या तर भारा सोडायचा, एवढंच ना बाई?" एवढंच. पोहे केले. दोघींनी खाल्ले.

आश्विन शु. ५

काल भागाकार आला. ही पुन्हा पुन्हा वजाबाकीच, हे तिचं तिलाच उमगलं. आता पावकी, निमकी, पाव-अर्ध्याचे पाढे. मग त्रैराशिक. खालचं पक्कं झालं की वरचं आपसूक... नाही, आपसूक नाही. पण येतं.

रविवारी ती येत नाही. आज कोणाशीच बोलणं झालं नाही.

कार्तिक व. ३

परीक्षा. डिप्युटींनी कापडाचं त्रैराशिक घातलं. यमीने आधी एका वाराची किंमत काढली, मग पुढचं. पास. वर्ग राहिला. जाताना साहेब तिच्या वडिलांना म्हणाले, पाचवी ठाण्याला आहे, मुलगी हुशार आहे, पाठवा. तिची आत्या ठाण्यालाच असते.

आनंद झाला. झाला म्हणजे झालाच.

कार्तिक व. ६

यमीचे वडील आले. कचेरीत कारकून, भिडस्त माणूस, ओट्यावरच उभे राहिले. घरात स्थळांची घाई चालली आहे म्हणाले. मग विचारलं, "पाचवीचं गणित झेपेल का तिला? की अजून वर्षभर तुमच्यापाशीच राहू दे?"

वर्षभर रोज संध्याकाळी ती आली असती. अपूर्णांकांचा भागाकार कच्चा आहे हे खोटं नव्हतं. तेवढंच सांगितलं असतं तरी पुरलं असतं.

"झेपेल," म्हटलं. "लवकर पाठवा."

ते गेले. मी उंबऱ्यातच बसून राहिले.

मार्गशीर्ष शु. १

वडिलांनी आत्याला पत्र घातलं होतं, उत्तर नाही. यमीची आई म्हणते, आत्याच्या सासूबाई नको म्हणतील. म्हणजे मग लग्नच. यमीला यातलं किती ठाऊक, कोण जाणे. आज आली, पाटी पुसली, "बाई, आज काय?"

पाऊण भागिले पाव. उत्तर भाज्यापेक्षा मोठं कसं येतं, यावर तिचं गाडं अडलं. मी घाई केली नाही. दिवा लागला की ती घरी जायला उठते. आज मी दिवा लावायला उठलेच नाही.